स्मृती शिष्यवृत्ती प्रतिष्ठानाचा लोगो: नाव लांब, शिक्का गोल, आणि फोटो घालावा का?

खडूफळा (प्रश्न)

तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईंच्या नावाने माजी विद्यार्थी शिष्यवृत्ती सुरू करत आहेत. दहावी झालेल्या १२ मुलींना दरवर्षी निवडायचं आणि अकरावी-बारावी अशी दोन वर्षं खर्च उचलायचा. न्यासाची नोंदणी अजून व्हायची आहे, अर्ज तयार होतो आहे. नाव असं ठरलंय: बाईंचं नाव, आडनाव आणि पुढे 'स्मृती शिष्यवृत्ती प्रतिष्ठान'. बाईंचं नाव इथे देत नाही, पण नाव-आडनाव मिळून आठ अक्षरं आहेत. त्यात एक रफार आणि एक पहिली वेलांटी आहे.

लोगो लागणार तो लेटरहेड, पावतीपुस्तक, गोल शिक्का, प्रमाणपत्र, कार्यक्रमाचा फ्लेक्स, व्हॉट्सॲपचा डीपी आणि मुलींना द्यायच्या स्मृतिचिन्हावरचं कोरीवकाम यांसाठी.

तीन कच्चे नमुने झालेत. पहिल्यात वर्तुळात बाईंचा चेहरा आणि भोवती नाव, दुसऱ्यात उघडं पुस्तक, त्यावर पणती, मागे उगवता सूर्य, तिसऱ्यात पदवीची टोपी. घरच्यांना पहिला आवडलाय. यातलं काय चालेल, काय बदलावं? आणि डिझायनरकडून नेमकं काय काय मागून घ्यायचं?

---

अक्षरओळ

तिन्ही बाजूला ठेवा असं सुचवेन. पुस्तक-पणती-सूर्य हे निम्म्या शाळांच्या आणि सगळ्या क्लासेसच्या पाटीवर आहे. त्यात तुमच्या बाई कुठेच नाहीत. पदवीची टोपी अकरावीच्या मुलीशी जुळत नाही. चेहऱ्याची अडचण वेगळी आहे. वर्तुळात फोटो आणि भोवती नाव ही आपल्याकडे चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकाची मांडणी आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीच्या हातातल्या कागदावर पहिली भावना शोकाची यावी का, हे घरच्यांना शांतपणे विचारा. शिवाय माप बघा: लेटरहेडवर चेहरा जेमतेम १० मिमी उंच येतो, त्यात एक डोळा फार तर दीड मिमी रुंद. झेरॉक्समध्ये तो नुसता ठिपका होतो आणि बाई ओळखू येत नाहीत.

गणिताच्या बाई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर येतं ते फळ्यावरचं दोरीचं वर्तुळ. दोरीचं एक टोक अंगठ्याखाली दाबलेलं, दुसऱ्या टोकाला खडू, आणि हात फिरत जातो. वर्तुळ पुरं व्हायला थोडंच उरलेलं असताना तो खडू थांबवा. मधे केंद्रबिंदू, तिथून खडूपर्यंत ताणलेली दोरी, आणि पुढे वर्तुळातली फट. चिन्ह एवढंच. पुढचा भाग मुलीने काढायचा आहे हे सांगावं लागत नाही.

मापं देतो म्हणजे डिझायनरशी बोलताना सोपं जाईल. वर्तुळाची रेषा व्यासाच्या एक दशांश, दोरी त्याच्या निम्मी, बिंदू व्यासाच्या एक षष्ठांश. फट ३० अंशांची. म्हणजे चिन्ह १२ मिमीचं छापलं तर रेषा १.२ मिमी, दोरी ०.६ मिमी आणि फट पावणेतीन मिमीच्या आसपास येते. शाई कितीही पसरली तरी ती बुजत नाही. १० अंशांची नाजूक फट पडद्यावर सुरेख दिसते आणि शिक्क्यात बंद होते.

फटीची जागा नीट निवडा. अगदी वर ठेवली आणि दोरी उभी आली तर टीव्हीच्या पॉवर बटणाची खूण होते. खाली उजवीकडे ठेवली तर रोमन क्यू दिसतो. घड्याळात दीड वाजतो त्या दिशेला ठेवा. आणि खडूसारख्या खरखरीत कडांचा मोह टाळा: तशा रेषेत हजारो नोड (रेषा वळते ते बिंदू) येतात, व्हिनाइल (स्टिकरचा प्लास्टिक कागद) कापणारं यंत्र अडखळतं आणि शिक्क्याच्या रबरात त्या कडांचा चिखल होतो. रेषा गुळगुळीतच हवी, खडूचा आभास फक्त गोल टोकांनी द्यायचा.

आता अक्षरं, कारण इथे खरा लोगो नावच आहे. 'शिष्यवृत्ती' हा शब्द छोट्या मापात फार दगा देतो. ष मधली तिरकी रेघ बुजली की 'शिप्यवृत्ती' वाचलं जातं. वृ चा ऋकार खालच्या ओळीला चिकटला तर 'वत्ती'. त्त जुन्या आडव्या पद्धतीने आला तर लांबून एकच त दिसतो. अर्धा त आणि पूर्ण त अशी मांडणी घ्या. टाइप करताना त, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह, मग त, असं केलं की बहुतेक युनिकोड फॉन्टमध्ये ती मिळते.

फॉन्ट अतिठळक घेऊ नका. ठळक म्हणजे वाचनीय असं वाटतं, पण देवनागरीत ष, ठ, व यांची पोटं आधी भरतात. एक टाइपचा 'मुक्त' हा फॉन्ट सात वजनांत (जाडीच्या पायऱ्यांत) आहे, त्यातलं सेमीबोल्ड पुरेसं आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' बघा. 'टिरो देवनागरी मराठी'मध्ये श आणि ल आपल्या वळणाचेच मिळतात, मात्र त्याच्या रेषेत जाड-बारीकपणा असल्याने तो प्रमाणपत्रावर शोभतो, शिक्क्यावर नाही. दुसरे फॉन्ट घेतलेत तर श आणि ल हिंदी वळणाचे आलेत का ते तपासा. पुष्कळ फॉन्टांत मराठी रूपं आतमध्ये असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

'मॉडर्न' दिसावं म्हणून कोणी शिरोरेषा काढायला सुचवेल. तुमच्या नावात ध किंवा भ असेल तर अजिबात करू नका. घ-ध आणि म-भ यांतला फरक पुष्कळसा शिरोरेषेच्या तुटकपणावरच उभा असतो. ती काढली की वाचणारा अडखळतो. तसंच अक्षरांमधलं अंतर सॉफ्टवेअरच्या सरकपट्टीने वाढवू नका, शिरोरेषा जागोजागी तुटते.

मांडणी दोन ओळींची: वर नाव-आडनाव, खाली 'स्मृती शिष्यवृत्ती प्रतिष्ठान' वरच्याच्या ५५ ते ६० टक्के आकारात. दोन ओळींत सढळ जागा सोडा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकल्या तर सगळी मेहनत वाया.

---

छापखाना

अक्षरओळ यांच्या चिन्हाला माझं मत. मी छपाईच्या बाजूने लिहितो. लोगोचं काम लेटरहेडपासून नाही, शिक्क्यापासून सुरू करा, कारण सगळ्यात अडचणीची जागा तीच आहे.

हिशोब असा. ३८ मिमीचा गोल शिक्का घेतला तर अक्षरांची ओळ साधारण १६ मिमी त्रिज्येवर बसते. त्या वर्तुळाचा परीघ १०० मिमी. वरचा २२० अंशांचा भाग नावाला दिला तर ६१ मिमी मिळतात. तुमची अक्षरं: नावाची ८, पुढच्या तीन शब्दांची १०, आणि चार मोकळ्या जागा अर्ध्या अक्षराच्या धरून २, एकूण २० घरं. म्हणजे एका अक्षराला ३ मिमी. त्यातच ष्य, ष्ठा, त्ती. बसतं, पण अगदी काठावर. यात इंग्रजी नावही घालायचं म्हणाल तर नाही बसणार. गावाचं नाव आणि नोंदणी क्रमांक खालच्या भागात, मध्ये फक्त चिन्ह.

गोलाकार मजकुरात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: सॉफ्टवेअरमधली 'मजकूर वाटेवर बसवा' ही सोय प्रत्येक अक्षर सुटं घेऊन सरळच्या सरळ तिरकं ठेवते. शिरोरेषा गोल न होता तुकड्यातुकड्यांची होते, सांध्यांत फटी पडतात, वेलांटीचं टोक भलत्याच अक्षरावर जातं. त्यावर दोन उपाय आहेत. एक, मजकूर सरळ ओळीत लिहून आधी त्याचे कर्व्ह करा (टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा), मग एन्व्हलप किंवा आर्कने वाकवा. दुसरा, जास्त कष्टाचा पण फार देखणा: शिरोरेषा म्हणून खराखुरा वर्तुळाचा कंस काढा आणि शिरोरेषा छाटलेली अक्षरं एकेक करून त्याला टांगा. ध-भ असतील तिथे कंस हाताने तोडा. शिरोरेषेच्या वर, बाहेरच्या कडेपर्यंत, अक्षराच्या उंचीच्या एक तृतीयांश जागा सोडा. तुमचा रफार आणि वेलांट्या तिथे राहणार आहेत. अक्षरांचे पाय आतल्या बाजूला जवळ येतात, म्हणून जोडाक्षरांच्या आजूबाजूला थोडं सैल ठेवा.

कर्व्ह करणं म्हणजे कोरलड्रॉमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल शिफ्ट सी. हे केलं नाही आणि फाइल दुसऱ्या दुकानात गेली, तर तिथे तो फॉन्ट नसल्याने अक्षरं बदलतात किंवा चौकोन येतात. इलस्ट्रेटरमध्ये कर्व्ह करण्याआधी हेही बघा की परिच्छेदाच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडलाय. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्तासह फुटतात.

कर्व्ह केल्यावर एक पायरी हमखास विसरली जाते. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही. पण व्हिनाइल कापायला दिलं की यंत्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे निघतात. कधी अक्षरं एकत्र जोडल्यावर नेमका चढलेला भागच पांढरा पडतो. म्हणून सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. इलस्ट्रेटरमध्ये त्याला युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन म्हणतात. मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघा: पूर्ण शब्दाची बाहेरची कड एकसंध दिसली पाहिजे, आत फक्त पोकळ्या.

रेषांच्या जाडीचे माझे आकडे, सगळे किमान: ऑफसेट छपाईला काळ्या रेषेसाठी ०.१ मिमी चालते, पण गडद पट्टीत पांढरी अक्षरं काढायची असतील तर ०.२५ मिमी. रबरी शिक्क्याला ०.३, सोनेरी फॉइलला ०.३ आणि दोन रेषांमधली फट ०.४. कापडावर भरतकामात १ मिमीच्या खाली जाऊ नका आणि अक्षर ६ मिमीपेक्षा लहान नको. म्हणून बॅजवर पूर्ण नाव घालू नका, नुसतं चिन्ह.

रंग आधी फक्त काळा. काळ्यात उभं राहिलं तरच दुसरा रंग. निळा घेणार असाल तर सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गुलाबी) या छपाईच्या रंगांत किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा, नाहीतर छापून जांभळा येतो. सायन १००, मॅजेंटा ६५, काळा ३० असं काहीतरी सुरक्षित आहे. बारीक अक्षरं चार रंगांच्या मिश्रणातून कधीच काढू नका. एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली की प्रत्येक वेलांटीला रंगीत सावली येते. अक्षरांसाठी काळा १००, बाकी शून्य. पिवळा किंवा फिका केशरी पांढऱ्या कागदावर वाचता येत नाही. आणि भगवा, निळा, हिरवा यांना गावात आपापले अर्थ चिकटलेले असतात. सगळ्या घरांतल्या मुलींनी अर्ज करायचे आहेत, तेव्हा फळ्याचा काळसर हिरवा, वांगी किंवा मातकट तांबडा बघा.

---

खडूफळा

दोघांचेही मनापासून आभार. दोरीचं वर्तुळ घरच्यांना सांगितलं, बाईंची धाकटी बहीण म्हणाली, ताई अगदी असंच काढायची. चेहऱ्याबद्दल मात्र थोडी हळहळ आहे. दोन प्रश्न राहिले: स्मृति ऱ्हस्व की दीर्घ, आणि नावाआधी 'कै.' लावायचं का? आणि डिझायनरशी लेखी काय करायचं?

---

ऱ्हस्वदीर्घ

सुटा शब्द असेल तर 'स्मृती' दीर्घ. समासाचं पहिलं पद असेल तर ऱ्हस्व: स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह. तुमच्या नावात हा समासच आहे, म्हणून काटेकोर लेखन 'स्मृतिशिष्यवृत्ती' असं जोडून होईल. सुटं लिहायचं तर दीर्घ ठेवा; 'स्मृति शिष्यवृत्ती' हे सुटं आणि ऱ्हस्व असं मधलं रूप टाळा. शेवटची 'त्ती' सगळ्या रूपांत दीर्घच.

नोंदणी व्हायची आहे हे फार बरं. आत्ताच एक रूप ठरवा आणि तेच अर्जात, घटनेत, बँकेत, पॅनच्या अर्जाच्या मराठी मसुद्यात आणि लोगोत अक्षरशः तसंच ठेवा. इंग्रजी लिप्यंतरही एकच.

'स्मृती' मुळात हवं का, याचाही विचार करा. नुसतं 'अमुक शिष्यवृत्ती प्रतिष्ठान' म्हटलं तरी ते त्यांच्या स्मरणार्थ आहे हे कळतं. छापखाना यांच्या हिशोबात दोन अक्षरं आणि एक मोकळी जागा वाचते: २० ऐवजी साडेसतरा घरं, म्हणजे अक्षराला ३ च्या जागी जवळपास ३.५ मिमी. शिक्क्यात हा फरक डोळ्याला दिसतो.

'कै.' लोगोत नको. 'कै. सौ.' की 'कै. श्रीमती' हा वाद कुटुंबात कधीही निघू शकतो आणि तो शिक्क्यावर कोरून ठेवायची गरज नाही. पत्रकात, निमंत्रणात लावा.

---

दस्तऐवज

लेखी करायच्या गोष्टी सांगतो.

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं कॉपीराइट कायदा, १९५७ म्हणत नाही. स्वतंत्र काम करणाऱ्या डिझायनरच्या कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो, म्हणून कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतरण घ्या. त्यात कोणती कलाकृती हे चित्रासह, मोबदला किती, आणि दोन गोष्टी शब्दांत हव्यातच: 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' आणि 'जगभरासाठी'. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत. परदेशातले माजी विद्यार्थी देणग्या गोळा करणार असतील तर दुसरा मुद्दा महत्त्वाचा. शिवाय वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत जाऊ शकतो, त्यामुळे 'कलम १९(४) लागू होणार नाही' असंही वाक्य घालून घ्या. न्यास नोंदलेला नसताना हस्तांतरण कोणाच्या नावे, हा प्रश्न येईल. काम आत्ता सुरू करा, पण हस्तांतरणावर सह्या नोंदणी झाल्यावर न्यासाच्या नावे घ्या आणि शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीला नाव लागतं, लोगो नाही, तेव्हा घाई नाही.

तयार टेम्प्लेटवरून उचललेलं चिन्ह घेऊ नका. तेच चिन्ह आणखी कितीतरी जणांना वापरता येतं, आणि ट्रेडमार्क घ्यायला गेलात की अडता. ट्रेडमार्क काढायचाच असेल तर शिष्यवृत्ती देणं आणि निधी उभारणं वर्ग ३६ मध्ये येतं, शिक्षणविषयक उपक्रम ४१ मध्ये. नोंदणी १० वर्षांची असते, मग नूतनीकरण. पहिल्या वर्षी हा खर्च नाही केला तरी चालेल.

राष्ट्रध्वज, सिंहमुद्रा, महात्मा गांधी किंवा छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव-चित्र लोगोत आणू नका. १९५० चा बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा आणि सिंहमुद्रेसाठी २००५ चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक किंवा देणगीवरच्या आयकर सवलतीच्या मंजुरीचा उल्लेख लोगोच्या आत घालू नका. मंजुऱ्यांना मुदत असते, त्यांची जागा लेटरहेडच्या तळाशी.

आणखी एक: बाईंची सही सापडली म्हणून ती लोगोत घ्यायचं घरच्यांच्या मनात आलं तर थांबवा. खरी सही हजारो पावत्यांवर छापणं धोक्याचं आहे. वहीतलं हस्ताक्षर असेल तर ते ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून एखादं वाक्य प्रमाणपत्राच्या तळाशी जरूर घ्या.

---

खोदकाम

चेहऱ्यासाठी हळहळ आहे म्हणून लिहितो. लोगोत नको हे पटतं, पण चेहरा पूर्ण सोडून द्यायची गरज नाही. प्रमाणपत्रासाठी आणि स्मृतिचिन्हासाठी वेगळं मुखचित्र करा. फोटो असा निवडा की उजेड एका बाजूने आलाय आणि चष्म्याची काच चमकत नाही. समोरून फ्लॅश मारलेल्या ओळखपत्राच्या फोटोतून नाक-गाल सपाट येतात, त्यातून काहीच निघत नाही. चित्र दोनच रंगांत, नुसतं काळं आणि पांढरं, ठसा काढल्यासारखं. केसांची आणि पदराची सावली एकसंध काळी ठेवा, गालावर रेघा कमीत कमी. तरुण वयातला सुंदर फोटो घ्यायचा मोह होईल, पण विद्यार्थ्यांना ज्या वयातल्या बाई आठवतात तोच घ्या.

हे मुखचित्र २५ मिमीपेक्षा लहान कधीच वापरायचं नाही, असं लिहून ठेवा. ॲक्रिलिकवर लेझरने मागच्या बाजूने कोरतात, तेव्हा फाइल आरशातल्यासारखी उलटी लागते. चित्र उलटं झालं आणि नाव सुलटं राहिलं असा घोळ टाळायला दोन्ही एकत्र उलटून द्या. शिवाय पारदर्शक ॲक्रिलिकवर कोरलेला भाग पांढरा दिसतो. काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल न करता दिलं तर केस पांढरे आणि चेहरा काळपट येतो. एक नमुना आधी मागवा, १२ एकदम कोरायला देऊ नका.

---

छापखाना

फायलींची यादी राहिली होती. मूळ संपादनयोग्य फाइल, शिवाय पीडीएफ आणि एसव्हीजी, तिन्हींत अक्षरं कर्व्ह आणि वेल्ड केलेली. प्रत्येकाची काळी, रंगीत आणि गडद पार्श्वभूमीवरची पांढरी आवृत्ती. पारदर्शक पीएनजी ३००० पिक्सेल रुंद, म्हणजे ३०० डीपीआयला २५ सेंटिमीटर. शिक्क्याची फाइल स्वतंत्र, कारण तिची अक्षरं वेगळी मांडलेली आहेत. हे सगळं व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटो म्हणून आलेल्या फायलीवरून फ्लेक्स छापला की अक्षरांभोवती धुरकट कडा दिसतात.

पास करण्याआधी चिन्ह आणि नाव मिळून ३० मिमी रुंदीत साध्या लेझर प्रिंटरवर काढा, त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. तिसऱ्या कागदावर 'शिष्यवृत्ती'तला ष वाचता आला पाहिजे. आला नाही तर खालची ओळ मोठी करा किंवा वजन एक पायरी कमी करा. आणि हा कागद नाव माहीत नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या; आपल्याला नाव पाठ असतं, त्यामुळे डोळा चुका गिळतो.

---

खडूफळा

डीपीमध्ये नाव घ्यायचं की नाही? गटात तीन मतं आहेत.

---

अक्षरओळ

नाही. डीपी गोल कापला जातो. त्या गोलात बसणाऱ्या चौकोनाची बाजू व्यासाच्या ०.७१ पट, म्हणजे नाव घातलं तर ते चॅटच्या यादीत मुंगीएवढं येणार. तिथे नाव शेजारी लिहिलेलं असतंच. नुसतं चिन्ह घ्या, पण फिक्या पार्श्वभूमीवर आणि गोलाच्या ६० टक्के आकारात. चिन्ह स्वतःच वर्तुळ आहे. कडेला टेकवलं तर कापलेली कड आणि खडूची रेषा एकमेकींत मिसळतात आणि फट दिसेनाशी होते.